पाच कोणाच्या घड्याळात

मागच्या वर्षी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या शिवारात, निंदणाला आलेल्या साऱ्या बायांदेखत माझ्या आईला चोर म्हटलं गेलं. पाच वाजले होते ते तिच्या घड्याळात. वावराच्या मालकाच्या फोनमध्ये पावणेपाच झाले होते. तिनं चोरली म्हणतात ती ही पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांच्या बदल्यात मालकानं सगळ्या टोळीला दिवस बुडेपर्यंत वाकवून ठेवलं. त्याला मात्र गावात कोणी काही नाव दिलं नाही.

मी त्या दिवशी तिथंच होते, आईच्या शेजारी निंदत. यवतमाळला मजूर बायांच्या एका लहानशा संघटनेत मी काम करते. पत्रकं लिहिते, छापून आणते, वाटते. सणाला घरी आले होते, आणि घरी आलेल्या पोरीनं नुसतं बसून खाल्लेलं आमच्या घरी चालत नाही.

आमच्याकडं बायांचा दिवस कसा ठरतो ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. स्वयंपाक, पाणी, लेकरांचे डबे उरकून बाया दहाच्या सुमारास वावरात पोचतात. जरा उशीर झाला की मालक फोन पुढं करतो, "पाय, किती वाजले." म्हणजे सकाळी घड्याळ असतं. जेवणाच्या सुट्टीलाही घड्याळ असतं. संध्याकाळी मात्र घड्याळ कुठंतरी जातं आणि सूर्य येतो. "दिवस तं केवढा हाय अजून," असं म्हणतात. निंदणाच्या दिवसांत सात वाजत आले तरी उजेड असतो, त्यामुळं ते खरंही असतं. मग दिवाळीनंतर दिवस आखडतो, सहाच्या आत अंधारून येतं. तेव्हा सूर्य जातो आणि घड्याळ परत येतं. "सहा कुठं वाजले व. एवढं कोपरं होऊन जाऊ द्या." हे मी लहानपणापासून ऐकत आले. मालक लोकांनी कुठं बसून कट केला असं नाही. ज्याला निवडता येतं तो आपल्या सोयीची वेळ निवडतो, एवढंच. बायांना निवडता येत नाही.

त्या दिवशीचं वावर नाल्यापलीकडचं होतं, लांब. म्हणून बाया गोळा करणाऱ्या काकूनं सकाळीच मालकाशी बोलून घेतलं. ही काकू आमच्याच गल्लीतली. मालक तिला फोन करतो, ती दारोदारी सांगते, आणि कोणती बाई टोळीत घ्यायची, कोणती नाही, ते तीच ठरवते.

"पाचले सुट्टी देजा मालक," काकू म्हणाली. "नाल्याले पानी हाय."

"दिली. पाच म्हंजे पाच."

सगळ्यांनी ऐकलं. आईनंही ऐकलं, आणि तिच्या हातात घड्याळ होतं.

हे घड्याळ तिला आठ मार्चच्या कार्यक्रमात मिळालं होतं. विहारासमोर बायांची संगीत खुर्ची झाली. शेवटच्या खुर्चीला आई आणि हीच काकू उरल्या. आई खुर्चीवर बसली, काकू आईच्या मांडीवर बसली, आणि बरीच भांडाभांडी होऊन बक्षीस आईला गेलं. सोनेरी पट्ट्याचं, नाजूक, निंदणाला अजिबात न शोभणारं घड्याळ.

"तुले कायले पायजे व घडी," काकू म्हणाली होती. "कलेक्टर होनार हाय का?"

"तू दहाले बलावतं अन् साडेदहाले येतं," आई म्हणाली. "तुह्यावर नजर ठेवाले पायजे."

हातात बांधायच्या आधी आईनं ते घरच्या भिंतीवरच्या घड्याळाशी मिळवून घेतलं. घोटाळा तिथं झाला. आमच्या गावात भिंतीवरचं घड्याळ कोणी बरोबर ठेवत नाही. पुढं ठेवतात.

ही चाल छोट्या गाडीपासूनची. दारव्ह्याहून यवतमाळला जाणारी नॅरो गेजची गाडी आमच्या शिवाराच्या कडेनं जायची. ती नेहमी उशिरा यायची. इतकी, की म्हशी धुवून आणून, मग कपडे बदलून निघालं तरी सापडायची. पण कधीतरी ती वेळेवर यायची, आणि ज्या दिवशी वेळेवर यायची त्या दिवशी अर्धं गाव मागं राहायचं. म्हणून लोकांनी घड्याळं पुढं केली. गाडी बंद पडली, रुळांत गवत माजलं, पण घड्याळं काही मागं आली नाहीत. त्यांना एसटीचं निमित्त मिळालं. कोणाचं दहा मिनिटं पुढं, कोणाचं वीस. आमचं पंधरा. आपलं किती पुढं आहे ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि मनातल्या मनात तेवढं वजा करून माणसं चालतात. तरी एसटी चुकतेच, कारण सगळेच वजा करतात.

वावरात दिवसभर वाकलेली बाई वजाबाकी करत नाही. काटा पाचावर आला तशी आई उठली. खुरपं झटकलं, खोचलेला पदर सोडला. "चाला व, पाच झाले." तिच्यामागं दोघी-तिघी उठल्या, मग सगळ्याच. मालक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसला होता. त्यानं फोन काढला.

"काय व, कुठं चालल्या?"

"पाच झाले न मालक."

"कोनाचे झाले? माह्या इथं पावनेपाच हाय."

आईनं मनगट पुढं केलं. त्यानं वाकून पाह्यलं आणि हसला. "घडी पुढं करून आनली काय व? पंधरा मिन्टं चोरतं माहे?" मग बाकीच्यांकडं पाहून म्हणाला, "पायलं का? चोट्टी निंगाली तुमची बाई."

मी मधे पडले. म्हटलं, दादा, तोंड सांभाळा, गावात सगळ्यांचीच घड्याळं पुढं असतात, तुमच्याही घरचं असेल. तो माझ्याकडं वळला.

"तू शिकलेली हाय न. संघटनेत हाय. काढ मंग तुहाच फोन. तूच सांग साऱ्यायले किती वाजले."

फोन डब्याच्या पिशवीत होता. काढला. पावणेपाच. मी तसं सांगितलं. दुसरं काय सांगणार. बाया माझ्याकडं पाहत होत्या, आई दुसरीकडं पाहत होती.

"आयकलं?" मालक म्हणाला. "आता दिवस बुडेपर्यंत सुट्टी नाई कोनाले."

बाया परत वाकल्या. थोड्या वेळानं त्याच्याही फोनमध्ये पाच वाजले, तेव्हा मी परत विचारलं, आता तर झाले ना. "थे सकाळचं बोलनं होतं," तो म्हणाला. "तुमीच मोडलं." आणि तो धुऱ्यावरच्या बाभळीखाली आडवा झाला.

दिवस टेकल्यावर आम्ही निघालो. नाल्याला गुडघ्याच्या वर पाणी होतं. एकीची चप्पल वाहून गेली. मालकाला शिव्या पडतील असं मला वाटत होतं, पण घरापर्यंत कोणी काही बोललं नाही. गल्लीच्या तोंडाशी काकू थांबली.

"तुह्या घडीपायी साऱ्यायचा खोळंबा झाला," ती आईला म्हणाली. "उद्या नको येऊ. थंड होऊ दे जरा."

ते 'जरा' अजून संपलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं रोजच्यासारखा डबा भरला, डोक्याला फडकं बांधलं आणि ओट्यावर बसली. टोळी समोरून गेली. कोणी बोलावलं नाही. एकीनं नुसती मान हलवली, तीही अशी की काकूला दिसू नये. आई बराच वेळ तशीच बसून होती. मग आत आली आणि फडकं न सोडताच चुलीशी बसली.

मी तिला समजवायला गेले. मजुरी बुडाली तर दुसरीकडं मिळेल, असं काहीतरी म्हणाले.

"रोज कुठंबी भेटते," ती म्हणाली. "मी काय रोजासाठी रडून राह्यली का? ज्या वावरात मले चोट्टी म्हनलं, त्याच वावरात त्यानं म्हनावं का नाई बा, हे बाई चोट्टी नाई. त्याच बायायसमोर. बस."

एवढंच तिला पाहिजे आहे. वर्ष होत आलं. इतकी लहान मागणी घेऊन इतकं चालावं लागेल असं मला वाटलं नव्हतं.

यवतमाळला परत आल्यावर मी पत्रक लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. 'बरोबर वेळ' असं लिहून गेले होते. बरोबर म्हणजे कशाशी बरोबर? संघटनेतल्या ताई म्हणाल्या, वाचून ये, मग लिही. मी वाचनालयात जाऊन बसले. तिथलं भिंतीवरचं घड्याळ बंद होतं, ते असो.

सूर्य डोक्यावर आला की बारा वाजतात असं मला शाळेत शिकवलेलं. आमच्या जिल्ह्यात बहुतेक वर्षभर तसं होत नाही. घड्याळात बारा वाजून साधारण पंधरा-वीस मिनिटं होतात, तेव्हा इथला सूर्य माथ्यावर येतो. कारण देशाची वेळ ज्या रेघेवरून मोजतात ती उत्तर प्रदेशात मिर्झापूरच्या बाजूनं जाते, आणि आम्ही तिच्या पश्चिमेला पुष्कळ अलीकडं. पूर्वी प्रत्येक गावाचे बारा त्याच्या त्याच्या डोक्यावर वाजायचे. रेल्वे आली, तिला गावागावाचे वेगळे बारा परवडेनात, म्हणून गाड्या मद्रासच्या घड्याळानं धावायला लागल्या. १९०६ साली इंग्रज सरकारनं साऱ्या देशाला एकच वेळ लावली. मुंबईनं ती मुकाट्यानं घेतली नाही. नव्या घड्याळानं कामावर या म्हटल्यावर गिरणी कामगारांनी काम थांबवलं, आणि शहरातली कितीतरी घड्याळं जुन्या वेळेनंच चालत राहिली, पार स्वातंत्र्यानंतरपर्यंत. त्यांना कोणी चोर म्हटल्याचं माझ्या वाचण्यात आलं नाही. आसामात चहाच्या मळ्यांमध्ये घड्याळ देशाच्या तासभर पुढं ठेवतात. ते मळेवाल्यांनी ठेवलं, म्हणून त्याला मळ्याची वेळ म्हणतात. आमच्या आईचं पाव तास पुढं होतं, तर त्याला चोरी म्हणतात.

हे वाचून माझं डोकं शांत व्हायला पाहिजे होतं. झालं नाही. आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात ते त्याच्याशी जुळत गेलं. लग्नात भटजी पाण्यात वाटी सोडून घटका मोजायचा, आणि आमच्या लोकांना त्या मांडवात पाय ठेवायला मिळत नव्हता. पुढं तहसिलीत तासाचे ठोके पडायला लागले. मग दारव्ह्याकडच्या एका कापसाच्या जिनिंगचा भोंगा आला. वारा इकडचा असला की तो आमच्या वावरात ऐकू यायचा. तो वाजला की बाया खुरपी टाकून उठायच्या आणि मालक काही बोलायचा नाही. आईनं स्वतः ते दिवस पाह्यले आहेत. मी तिला विचारलं, मालक तेव्हा काहून गप्प बसायचा? ती म्हणाली, "भोंगा का आमचा होता? थो बी शेटजीचाच होता." म्हणजे एका मालकाच्या भोंग्यावर दुसऱ्या मालकाला संशय नव्हता. मजुरणीच्या मनगटावरच्या घड्याळावर होता. पुढं जिन बंद पडलं, भोंगा गेला, आणि संध्याकाळ पुन्हा मोकळी झाली, ज्याला हवी त्याला ओढून घ्यायला.

मी पत्रक लिहिलं. मागणी एकच ठेवली: गावात संध्याकाळी पाच वाजता भोंगा वाजवा, ग्रामपंचायतीच्या छतावरून, साऱ्यांना एकाच वेळी ऐकू येईल असा. तो वाजला की निंदणाच्या बायांची सुट्टी.

वाटण्याआधी गावी जाऊन विहारात बायांची बैठक बोलावली. सात वाजता म्हणून सांगितलं. पहिली बाई आली तेव्हा माझ्या फोनमध्ये साडेसहा वाजून थोडंच वर झालं होतं, आणि शेवटची आली तेव्हा पहिली कंटाळून घरी गेली होती. मग त्यावरच अर्धी बैठक गेली.

"आमचं काई पुढं नाई," एक म्हणाली. "तुमचं मांगं हाय."

"तुह्या घरी तं उद्या आजच वाजते व."

"हासून घ्या. पन माही एसटी कदी चुकली का सांगा."

"एसटीच येत नाई तं चुकन कशी?"

हसून हसून झालं. मग मी पत्रक वाचून दाखवलं, आणि आईवर काय झालं ते नाव न घेता सांगितलं. काकू मागं भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "भोंगा बिंगा ठीक हाय. पन उद्या मालकानं दुसऱ्या गावच्या बाया आनल्या गाडी भरून, तं तुहा भोंगा आमच्या घरी पोळ्या टाकाले येईन का?" याला माझ्याजवळ उत्तर होतं, की शेजारच्या गावांतही हाच भोंगा मागायचा, आणि ते पत्रकात लिहिलेलंही होतं. तिला ते उत्तर नको होतं. ती खरंच घाबरलेली होती, आणि तिच्यावर रागवायची माझी तयारी तिथं थोडी ढिली पडली. सह्या झाल्या. आई सही करायला आली नाही. ती म्हणाली, "मी भोंगा मांगतला का? म्या दुसरं मांगतलं."

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. मालक पहिल्या ओळीत होता. तो विरोध करेल म्हणून मी मुद्दे घोकून गेले होते. त्यानं विरोध केलाच नाही.

"चांगली गोष्ट हाय," तो उठून म्हणाला. "टाइम साऱ्यायले एकच पायजे. माह्या मते तं सकाळी दहालेही वाजला पायजे. एकाच बाजूनं कायले?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जिंकलो. सकाळचा भोंगा तिथंच मंजूर झाला. संध्याकाळच्या पाचचा विषय निघाला तेव्हा एकजण म्हणाला, पावसाळ्यात पाच म्हणजे दुपारच. दुसरा म्हणाला, हिवाळ्यात वेगळा ठेवावा लागेल. तिसरा म्हणाला, कापसाच्या वेळेला कसं करायचं. शेवटी, संध्याकाळच्या वेळेवर पुढच्या सभेत सविस्तर चर्चा करू, असं ठरलं. पुढच्या सभेत पाणीपुरवठ्याचा विषय होता. त्याच्या पुढच्या सभेला माणसंच पुरेशी आली नाहीत.

दिवाळीच्या आसपास भोंगा बसला. रोज सकाळी दहाला वाजतो. अगदी बरोबर वाजतो, फोनशी मिळवून. नाल्याच्या वाटेवर असलेल्या बाया तो ऐकला की पळायला लागतात, कारण तो वाजल्यावर वावरात पोचलेल्या बाईला आता मालक सुनावतो, "गावाले आयकू आलं, तुले नाई आलं?" माझ्या पत्रकातला भोंगा त्यांनी सकाळसाठी घेतला आणि संध्याकाळ तशीच ठेवली. एकदा मी गावात असताना भोंगा वाजला, तेव्हा माझ्या पुढं एक पोटुशी बाई पदर धरून धावत होती. तिनं मागं वळून मला ओळखलं आणि म्हणाली, "तुहा भोंगा वाजला व ताई." तिच्या बोलण्यात टोमणा होता का नव्हता, मला अजून कळलेलं नाही.

आईची मागणी मात्र तशीच राहिली होती. ती मालकाकडं गेली नाही, मला जाऊ दिलं नाही. मालकालाच एकदा ती पिठाच्या गिरणीवर भेटली. मी तिच्यासोबत होते. गिरणी चालू होती, पट्ट्याचा आवाज, पीठ उडत होतं. तो जवळ आला, आवाज मोठा करून म्हणाला, "वहिनी, तवा जीभ घसरली माही. मनावर नोका घेऊ."

आईनं त्याच्याकडं पाह्यलं. "इथं कायले सांगता? इथं कोनाले आयकू येते?"

"मंग कुठं सांगू?"

"वावरात. बाया आल्या का."

तो हसला. वाईट हसला नाही, खरं सांगायचं तर. अवघडून हसला. "म्हंजे तेवढ्यासाठी तुमाले वावरात बलावू का आता?"

"बलावा न."

त्यानं आपला पिठाचा डबा उचलला, झाकण घट्ट बसवलं, परत काढून पाह्यलं, परत बसवलं. "पाहू," म्हणाला, आणि गेला. एकांतात माफी मागायला त्याला जड गेलं नव्हतं. जड गेली ती बायांसमोरची. तिथं एकदा त्यानं मान्य केलं की मजुरणीचं घड्याळ चोरीचं नव्हतं, तर दुसऱ्या दिवशी दुसरी बाई मनगट पुढं करेल. तिसऱ्या दिवशी सगळ्या करतील. त्याला हे कळतं. आईला कळतं. म्हणून ती गिरणीवरची माफी घेत नाही, आणि तो वावरातली देत नाही.

या वर्षीचं निंदण सुरू झालं आहे. काकू अजून आमच्या दारावरून जाते. आई आता बोरी अरबच्या बाजूच्या एका टोळीत जाते, लांब पडतं म्हणून पहाटेच उठून स्वयंपाक करते. पहिल्या दिवशी तिथल्या एकीनं विचारलं, "तूच का व थे घडीवाली?" गोष्ट तिच्या आधी पोचली होती. तिथंही सकाळी फोन आहे आणि संध्याकाळी सूर्य आहे. मी म्हटलं, निदान घड्याळ तरी फोनशी मिळवून घे, म्हणजे कोणाला बोलायला जागा नको. ती म्हणाली, "कायले? चुकलं माहं घड्याळ का त्याचं तोंड?" आणि काटा जिथं होता तिथंच ठेवला.

मी थकले आहे, हे लिहून टाकते. पत्रक तिसऱ्यांदा छापलं. बाया घेतात, घडी घालून ब्लाउजात ठेवतात, आणि म्हणतात, "तू दर वख्ती हेच लिहितं." खरं आहे. दर वेळेस हेच लिहावं लागतं. वाचनालयात जे वाचलं त्यातून एवढंच कळलं की वेळ कधीच आपोआप ठरलेली नाही. कोणीतरी बसून ठरवली, बाकीच्यांना कळवली, आणि ज्यांना कळवली त्यांनाच पुढं उशिरा आल्याबद्दल बोलणी बसली. त्या दिवशी आमच्या वावरात तीन वेळा होत्या. आईच्या मनगटावर पाच, मालकाच्या हातात पावणेपाच, आणि डोक्यावरच्या सूर्याच्या हिशेबानं तर साडेचारही झाले नव्हते. यातली कोणतीच खोटी नव्हती. चोर मात्र एकाच वेळेला म्हटलं गेलं, आणि सुट्टी द्यायची पाळी आली तेव्हा पहिल्या दोन बाजूला सारून तिसरी वापरली गेली.

आता तुमच्याकडं येते. तुमचं वावर असेल आणि उद्या त्यात बाया येणार असतील, तर सकाळी त्या धुऱ्यावर डबे ठेवतात तेव्हाच सुट्टी किती वाजता ते मोठ्यानं सांगा, आणि कोणत्या घड्याळाचे तेही सांगा. ती वेळ झाली की कोपरं राहिलं असो, दिवस केवढाही असो, तुम्ही स्वतः उठून म्हणा की बायांनो, निघा. वावर नसेल, पण तुमच्या घरी, दुकानात, कारखान्यात कोणी रोजानं येत असेल, तर तिथंही हेच करा. आणि तुमच्या तोंडून कोण्या मजुरणीला वेळेवरून चोर हा शब्द गेला असेल, तर गिरणीवर, रस्त्यात, फोनवर माफी मागू नका. जिथं म्हटलं तिथं जा, ज्यांच्यासमोर म्हटलं त्यांना थांबवा, आणि तिथंच तो शब्द परत घ्या. या हंगामाचं निंदण संपायच्या आत घ्या.